स्विचचे पोर्ट एकत्र बांधताना: लिंक ॲग्रिगेशनची पद्धत कशी निवडावी

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलांत किंवा पंचवटीतल्या एखाद्या लॉजच्या सर्व्हर रूममध्ये नवीन नेटवर्कचं काम हातात घेतलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. तुम्ही मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचच्या पानावर जाता, तिथे 'लॅग' नावाचा मेनू दिसतो, आणि आत 'स्टॅटिक' (हाताने ठरवलेला गट) की 'एलएसीपी' (दोन्ही टोकांनी आपसात बोलून केलेला गट) असं विचारलेलं असतं. सर्व्हरच्या बाजूला बघावं तर तिथे पर्याय आणखी जास्त. अशा वेळी बरेचजण जे आधी चालेल ते ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं इथे समजता येत नाही. चुकीची पद्धत महिनोन्‌महिने गुपचूप चालते आणि एखादी केबल तुटते तेव्हाच उघडी पडते.

दोन किंवा जास्त पोर्ट जोडून त्यांची एकच लिंक करणं, याला कोणी लिंक ॲग्रिगेशन म्हणतं, कोणी लॅग. सिस्को त्याला ईथरचॅनेल किंवा पोर्ट-चॅनेल म्हणतं, लिनक्समध्ये ते बाँडिंग आणि विंडोजमध्ये टीमिंग. जुन्या एचपी प्रोकर्व्ह स्विचमध्ये 'ट्रंक' म्हणजे हीच गोष्ट, तर सिस्कोमध्ये 'ट्रंक' म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) वाहणारा पोर्ट. दोन्ही कंपन्यांचे स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर फोनवर बोलताना हा फरक आधी स्पष्ट करून घ्या.

पायरी १: गरज आहे का, ते आकड्यांत पाहा

पद्धत निवडायच्या आधी कागदावर हिशोब मांडा. समजा कारखान्यात ६४ कॅमेरे आहेत आणि प्रत्येक कॅमेरा ४ एमबीपीएसवर सेट केलाय. एकूण झाले २५६ एमबीपीएस. एक गिगाबिटचा अपलिंक (पुढच्या स्विचकडे जाणारी लिंक) यात पाव भागच भरतो. इथे 'कॅमेरे अडकतात म्हणून दोन पोर्ट बांधू' असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. अडकण्याचं कारण बहुधा एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या यंत्राच्या) हार्ड डिस्कमध्ये, खराब क्रिंपिंगमध्ये किंवा १०० एमबीपीएसवर बसलेल्या एखाद्या पोर्टमध्ये असेल. अशा ठिकाणी लॅग करायचाच असेल तर तो दुसरी वाट हाताशी असावी म्हणून करा, वेग वाढेल म्हणून नाही.

उलट उदाहरण हॉस्पिटलचं. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या प्रतिमा साठवणारा एक सर्व्हर आहे आणि ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर सगळीकडून डॉक्टर एकाच वेळी त्या उघडतात. एका सीटी स्कॅनची फाइल काहीशे एमबीची असते. अनेक संगणक आणि एक सर्व्हर असा हा मामला, आणि लिंक ॲग्रिगेशन सगळ्यात जास्त शोभतं ते इथे.

तिसरं उदाहरण रात्रीच्या बॅकअपचं. एक सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवर फाइल साठवणारं यंत्र), आणि २ टीबी डेटा. एक गिगाबिटच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातो, म्हणजे पाच तास लागतात. दोन पोर्ट बांधले तर अडीच तास लागतील का? नाही, पाचच लागतील. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे चाललेला एक प्रवाह एकाच केबलमधून जातो. त्यातली पाकिटं दोन केबलींत वाटली तर ती मागेपुढे पोहोचतात आणि टीसीपी (पाकिटं क्रमाने पोहोचवणारा नियम) गोंधळून तीच पुन्हा मागतो, म्हणून स्विच मुद्दाम तसं करत नाही. या कामाला १० गिगाबिटचं कार्ड आणि एसएफपी प्लस पोर्ट (१० गिगाबिटचं मॉड्यूल बसणारा) घ्या. रॅकमधल्या रॅकमध्ये डॅक केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी तांब्याची केबल) वापरली तर मॉड्यूलचा खर्चही वाचतो. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगणं आपलं काम आहे. 'दोन गिगाबिट' असं बिलावर लिहून नंतर कॉपीचा वेग दुप्पट का नाही याची उत्तरं देत बसणं कोणाच्याच भल्याचं नसतं.

पायरी २: दुसऱ्या टोकाला काय आहे?

पद्धत खरी ठरते ती इथे. आपल्या स्विचचा मेनू काय देतो हा नंतरचा प्रश्न. केबलच्या पलीकडच्या टोकाला असलेलं यंत्र काय बोलू शकतं ते आधी शोधा. ते समजलं की निवड जवळपास आपोआप होते.

पलीकडे दुसरा मॅनेज्ड स्विच असेल तर त्याच्या डेटाशीटमध्ये '८०२.३एडी' किंवा '८०२.१एएक्स' लिहिलंय का पाहा. दोन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत. हे मानक २००० साली ८०२.३एडी म्हणून आलं आणि २००८ मध्ये ८०२.१एएक्स या नावाखाली गेलं, पण कंपन्या जुनं नाव अजून छापतात. काही स्वस्त 'स्मार्ट' स्विचमध्ये फक्त स्टॅटिक लॅग असतो, म्हणून खोक्यावर 'लिंक ॲग्रिगेशन' एवढंच वाचून समाधान मानू नका.

पलीकडे अनमॅनेज्ड स्विच असेल तर तिथे लॅग होत नाही. आणि दोन अनमॅनेज्ड स्विचमध्ये 'जास्त वेग मिळेल' म्हणून दोन केबल टाकल्या तर लूप होतो. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली पाकिटं) गोल गोल फिरत राहतात आणि काही क्षणांत अख्खं नेटवर्क बसतं. सगळ्या पोर्टचे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकू लागले की समजा, कोणीतरी हेच केलंय.

पलीकडे सर्व्हर असेल तर त्यावर काय चालतं ते विचारा. लिनक्स आणि बहुतेक नॅस एलएसीपी बोलतात. सिनॉलॉजीच्या मेनूत ते 'आयईईई ८०२.३एडी डायनॅमिक लिंक ॲग्रिगेशन' अशा लांबलचक नावाने सापडेल. विंडोज सर्व्हरच्या २०१२ पासूनच्या टीमिंगमध्ये स्टॅटिक, एलएसीपी आणि स्विच-इंडिपेंडंट (स्विचला गट न सांगता चालणारा) असे तिन्ही प्रकार आहेत. पण हायपर-व्ही, म्हणजे विंडोजवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी, वापरली जाणारी एसईटी ही नवी टीमिंग फक्त स्विच-इंडिपेंडंट चालते. व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या साध्या स्टँडर्ड स्विचला एलएसीपी येतच नाही, ते डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्येच मिळतं. ही माहिती नसेल तर माणूस स्विचच्या बाजूला एलएसीपी लावून बसतो आणि व्हर्च्युअल मशीन का दिसत नाहीत म्हणून दुपार घालवतो.

पायरी ३: पद्धत निवडा

दोन्ही टोकांना एलएसीपी येत असेल तर एलएसीपीच निवडा. याबाबत माझं मत पक्कं आहे आणि त्याची कारणं नीट समजून घ्या, कारण 'स्टॅटिक जास्त फास्ट असतो' असं सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. डेटा वाहून नेण्यात दोन्ही सारखेच आहेत. एलएसीपी त्यावर एकच गोष्ट जास्त करतं: दोन्ही टोकांना एकमेकांशी बोलायला लावतं. प्रत्येक केबलवरून ते एक छोटं पाकीट पाठवतं: मी अमुक यंत्र, हा अमुक पोर्ट, हा अमुक गट. सगळ्या केबलींच्या पलीकडून एकाच यंत्राचा आणि एकाच गटाचा जबाब आला तरच त्या एकत्र बांधल्या जातात. एखादी केबल चुकून शेजारच्या स्विचमध्ये गेली असेल तर ती गटाबाहेर राहते.

स्टॅटिकमध्ये ही चौकशी नसते. दिवा लागला की पोर्ट गटात. समजा एका बाजूला स्टॅटिक लॅग केला आणि दुसऱ्या बाजूला करायचा राहून गेला. तर एका केबलने आलेला ब्रॉडकास्ट दुसरा स्विच दुसऱ्या केबलने परत पाठवतो. पहिल्या स्विचला स्वतःच्याच संगणकांचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) पलीकडून येताना दिसतात आणि कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर हे सांगणारं त्याचं मॅक टेबल बिघडतं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच की कुणाचं इंटरनेट चालतं, कुणाचं नाही, आणि पाच मिनिटांनी उलटं. स्पॅनिंग ट्री (लूप शोधून पोर्ट अडवणारी स्विचची सोय) हे पकडेलच याची खात्री नसते. सिस्कोच्या स्विचमध्ये यासाठी मिसकॉन्फिग गार्ड असतो, पण सगळ्यांकडे नाही.

दुसरं कारण आपल्या औद्योगिक वसाहतींत फार महत्त्वाचं आहे. गेटवरच्या केबिनपासून आतल्या शेडपर्यंत फायबर टाकलेली असते आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे छोटे डबे) बसवलेले असतात. मधली फायबर तुटली तरी स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यातली फूटभर पॅच कॉर्ड शाबूत असते, त्यामुळे स्विचवरचा दिवा हिरवाच राहतो. काही कन्व्हर्टर पलीकडचा बिघाड स्विचला कळवतात, साधे कळवत नाहीत. स्टॅटिक लॅगला वाटतं लिंक उत्तम आहे, आणि तो निम्मे प्रवाह त्या तुटलेल्या वाटेने पाठवत राहतो. निम्मे कॅमेरे बंद, निम्मे सुरू, आणि तपासणारा कॅमेरे बदलत बसतो. एलएसीपीला पलीकडून जबाब येईनासा झाला की ते त्या केबलला गटातून काढतं आणि सगळं काम उरलेल्या केबलवर आणतं.

ते किती वेळात काढतं हे टायमरवर असतं. स्लो टायमरमध्ये दर ३० सेकंदांनी पाकीट येतं आणि तीन चुकली की, म्हणजे ९० सेकंदांनी, पोर्ट बाहेर जातो. फास्टमध्ये दर सेकंदाला पाकीट आणि ३ सेकंदांत निकाल. पुष्कळ यंत्रांवर मुळात स्लो असतो. नुसती तांब्याची केबल थेट पोर्टात असेल तर स्लो चालतो, कारण तुटल्यावर दिवाच जातो आणि वाट बघायची वेळ येत नाही. मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा रेडिओ लिंक असेल तर दोन्ही बाजूंना फास्ट ठेवा.

मोड दोन असतात: ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. ॲक्टिव्ह स्वतःहून बोलायला सुरुवात करतो, पॅसिव्ह समोरच्याने विचारलं तरच उत्तर देतो. दोन्ही टोकं पॅसिव्ह ठेवली तर दोघेही गप्प बसतात आणि लॅग होत नाही. दोन्हीकडे ॲक्टिव्ह ठेवा, विषय संपला. सिस्कोवर स्टॅटिक आणि एलएसीपीशिवाय तिसरा एक प्रकार दिसेल, पीएजीपी. तो सिस्कोचा स्वतःचा आहे; नवीन कामात त्याच्याकडे जाण्याचं कारण नाही.

एलएसीपी अडतं अशा दोन जागा माहीत असू द्या. दोन टोकांच्या मध्ये कोणी छोटा स्विच टाकला असेल तर एलएसीपीची पाकिटं त्यातून पुढे जात नाहीत. मानकाप्रमाणे ती पुढच्याच यंत्रापर्यंत जायची असतात. आणि संगणक नेटवर्कवरून बूट होत असतील, जसं कॉलेजच्या लॅबमध्ये करतात, तर बूट होताना त्यांना एलएसीपी येत नसतं. तेवढ्या वेळात स्विच तो पोर्ट थांबवून ठेवू शकतो. अशा वेळी स्विचमध्ये एकटा पोर्ट चालू ठेवण्याची सोय आहे का ते बघा आणि ती सुरू करा.

स्टॅटिक कधी? पलीकडच्या यंत्राला एलएसीपी येत नसेल, पण त्याला स्विचच्या बाजूला गट लागतोच, तेव्हा. व्हीएमवेअरच्या स्टँडर्ड स्विचवर 'आयपी हॅश' ही आयपी पत्त्यांवरून भार वाटणारी पद्धत निवडली तर स्विचवर स्टॅटिक गटच करावा लागतो. पण लहान सेटअपमध्ये मी तेही सुचवणार नाही. तिथली मूळची पद्धत, म्हणजे प्रत्येक व्हर्च्युअल मशीन एकेका पोर्टला नेमून देणारी, तशीच ठेवा आणि स्विचचे पोर्ट साधे राहू द्या. मशीन दोनापेक्षा जास्त असली की भार बराच वाटला जातो आणि स्विचवर काहीच करावं लागत नाही.

पलीकडचा स्विच अनमॅनेज्ड असेल, किंवा सर्व्हरच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये जात असतील, तर गट सर्व्हरनेच सांभाळायचा. लिनक्समध्ये त्यासाठी 'ॲक्टिव्ह-बॅकअप' आहे: एक केबल चालू, दुसरी राखीव. वेग वाढत नाही, पण बिघाड व्हायला जागा फार कमी असते, आणि लहान ऑफिसच्या टॅलीच्या सर्व्हरला यापेक्षा जास्त काही लागत नाही. 'बॅलन्स-एएलबी' स्विचच्या मदतीशिवाय भार वाटण्याचा प्रयत्न करतो, त्यासाठी एआरपीच्या (आयपीवरून मॅक पत्ता विचारण्याच्या) उत्तरांत फेरफार करतो. पोर्ट सिक्युरिटी (ठरावीक मॅक पत्तेच आत घेण्याची सोय) लावलेल्या स्विचवर तो त्रास देऊ शकतो. 'बॅलन्स-आरआर' मेनूत पहिलाच असतो म्हणून निवडू नका. तो पाकिटं एकाआड एक वाटतो आणि वर सांगितलेला मागेपुढे होण्याचा घोळ ओढवून घेतो.

पायरी ४: भार कसा वाटायचा ते ठरवा

कोणता प्रवाह कोणत्या केबलने जाणार हे स्विच एका सूत्राने ठरवतो, त्याला हॅश म्हणतात. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर दोन वजनकाट्यांवर वाटायचे आहेत असं समजा. एक ट्रॅक्टर एकाच काट्यावर चढणार, हे उघड आहे. आता कुणी कुठे जायचं हे गावाच्या नावावरून ठरवलं आणि त्या दिवशी निम्म्याहून जास्त ट्रॅक्टर एकाच गावचे आले, तर एका काट्यावर रांग आणि दुसरा रिकामा. हॅशमध्ये हेच घडतं: ज्या खुणेवरून वाटणी करायची, ती खूण पुरेशी वेगवेगळी असली पाहिजे.

खुणा तीन प्रकारच्या: मॅक पत्ता, आयपी पत्ता आणि टीसीपी-यूडीपी पोर्ट (स्विचचा पोर्ट नव्हे, पाकिटावरचा प्रोग्रामचा आकडा). अनेक साधे स्विच आणि लिनक्सचं बाँडिंग मुळात मॅक पत्त्यावर चालतात. सर्व्हर आणि संगणक एकाच व्हीलॅनमध्ये असतील तर ते ठीक आहे. पण आता बहुतेक कारखान्यांत सर्व्हरचा व्हीलॅन वेगळा आणि ऑफिसचा वेगळा असतो. मधल्या राउटरमधून किंवा कोअर स्विचमधून जाताना प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा मॅक म्हणून राउटरचा मॅक येतो आणि घेणाऱ्याचा मॅक सर्व्हरचा. शंभर संगणक असले तरी मॅकची जोडी एकच, त्यामुळे सगळा भार एकाच केबलवर. दोन केबल टाकूनही एकच भरते याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. अशा ठिकाणी हॅश आयपी पत्त्यांवर न्या, पाठवणारा आणि घेणारा दोन्ही धरून.

आयपीवर नेल्यावरही पत्ते कसे वाटलेत ते पाहा. साध्या स्विचमध्ये दोन्ही आयपींचे शेवटचे काही बिट घेऊन एक्सॉर करतात (बिट सारखे तर ०, वेगळे तर १). दोन केबलींचा गट असेल तर शेवटचा एकच बिट महत्त्वाचा ठरू शकतो, म्हणजे आकडा सम की विषम. एनव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१०.१० आणि कोणीतरी सोयीसाठी कॅमेऱ्यांना .१२, .१४, .१६ असे सगळे सम पत्ते दिले, तर सारे कॅमेरे एकाच केबलवर. पत्ते सलग द्या, अडचण येत नाही.

थोडेच संगणक आणि प्रत्येकाचे अनेक प्रवाह असं चित्र असेल तर पोर्टसुद्धा धरणारी हॅश घ्या. लिनक्समध्ये ती 'लेअर३+४' नावाने आहे. तुकडे झालेल्या पाकिटांत पोर्टचा आकडा नसतो, त्यामुळे ती मानकात पूर्ण बसत नाही, पण नेहमीच्या ऑफिसच्या कामात ती उत्तम चालते.

दोन गोष्टी नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतात. एक, प्रत्येक टोक फक्त स्वतः पाठवत असलेल्या बाजूची हॅश ठरवतं. नॅसवर हॅश बदलली तर नॅसकडून येणारा भार वाटला जाईल, नॅसकडे जाणारा नाही. त्यासाठी स्विचवर बदलावी लागेल. दोन्ही टोकांची हॅश सारखीच हवी अशी सक्ती नाही आणि एलएसीपी त्याबद्दल बोलणीही करत नाही. दोन, पुष्कळ स्विचवर ही सेटिंग अख्ख्या स्विचला एकच असते. एका गटासाठी बदललीत की बाकीच्या गटांवरही परिणाम होतो.

केबल शक्यतो २, ४ किंवा ८ घ्या. कित्येक स्विच हॅशचे आठ भाग करून ते केबलींत वाटतात. तीन केबलींत ते ३, ३, २ असे जातात.

डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनसाठी आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज जोडत असाल तर लॅगच्या वाटेला जाऊ नका. तिथे मल्टिपाथ वापरतात, दोन्ही केबलींना वेगळे आयपी देऊन. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्येही एसएमबी मल्टिचॅनेल आहे, आणि तो एकच मोठी फाइल दोन केबलींवरून नेऊ शकतो, जे लॅगला जमत नाही.

पायरी ५: एका स्विचवर की दोन?

दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील तर केबल तुटण्यापासून बचाव आहे, स्विच जळण्यापासून नाही. सर्व्हरच्या केबल दोन स्विचमध्ये नेऊन त्यांचा एलएसीपी गट करायचा असेल, तर ते दोन स्विच एकच असल्यासारखे वागले पाहिजेत: एकतर स्टॅक केलेले (जोडून एकच यंत्र केलेले), नाहीतर एमलॅग (दोन स्विचवर मिळून एक लॅग) येणारे. सिस्को नेक्ससवर त्याला व्हीपीसी म्हणतात. हे नसेल तर दोन सुट्या स्विचवर एलएसीपी गट पुरा होत नाही. एकाच स्विचकडची केबल गटात राहते. मग सर्व्हरवर ॲक्टिव्ह-बॅकअप लावा. लहान युनिटमध्ये मी हेच करतो आणि स्टॅकचे पैसे चांगल्या यूपीएसमध्ये घालायला सांगतो.

दोन इमारतींमध्ये लॅग टाकत असाल तर दोन्ही फायबर एकाच चरातून नेऊ नका. अंबड काय, सातपूर काय, रस्त्याकडेला जेसीबी कधी चालेल सांगता येत नाही, आणि तो एकाच चरातल्या दोन्ही केबल एकदमच उचलतो. एकाच फायबर केबलमधले चार कोअर वापरून केलेला लॅग वेगासाठी ठीक आहे, बचावासाठी शून्य. इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल तर नकोच. मे-जूनमधल्या विजा दोन्हीकडचे पोर्ट जाळून जातात.

पायरी ६: जोडणी करा, पण या क्रमाने

आधी सगळे पोर्ट सारखे आहेत का बघा: वेग तोच, फुल डुप्लेक्स, व्हीलॅन तेच. आठ पिनांपैकी एक जरी नीट बसली नसेल तर पोर्ट १०० एमबीपीएसवर येतो किंवा लागतच नाही, आणि गिगाबिटच्या गटात बसत नाही. स्वस्तातल्या केबलींत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनिअम असतं, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. लॅगसाठी अशी केबल वापरू नका.

काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्या. चालू कॉन्फिगरेशनची प्रत काढून ठेवा. मग एकच केबल जोडलेली राहू द्या, दुसरी काढा. आधी लांबच्या टोकाचा स्विच कॉन्फिगर करा, मग जवळचा. लांबच्या स्विचवर बदल करताच तुमचा संपर्क तुटू शकतो, म्हणून तिथे कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचशी बोलणारी) घेऊन एखादा सहकारी उभा असला तर बरं.

सिस्कोवर दोन्ही पोर्ट 'इंटरफेस रेंज'मध्ये घ्या, 'शटडाउन' द्या, 'चॅनेल-ग्रुप १ मोड ॲक्टिव्ह' लिहा, मग 'इंटरफेस पोर्ट-चॅनेल १'मध्ये जाऊन व्हीलॅन आणि ट्रंकच्या सेटिंग द्या. यापुढे व्हीलॅनमधला कोणताही बदल पोर्ट-चॅनेलवरच करायचा, सुट्या पोर्टवर नाही. सुट्या पोर्टवर केलात तर तो इतरांशी जुळत नाही आणि गटातून बाहेर फेकला जातो. 'मोड ऑन' लिहिलंत तर ते स्टॅटिक होतं. समोर एलएसीपी असेल तर जुळणार नाही. वेब पानावरून चालणाऱ्या स्विचमध्ये नावं बदलतात, क्रम हाच. शेवटी दोन्ही पोर्ट सुरू करून दुसरी केबल लावा, आणि सगळं तपासून झाल्यावर सेव्ह करा. सेव्ह करायचं राहिलं तर रात्री वीज जाऊन आल्यावर एका बाजूला लॅग आणि दुसऱ्या बाजूला सुटे पोर्ट अशी स्थिती होते.

पायरी ७: खरंच चालतंय का?

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. सिस्कोवर 'शो ईथरचॅनेल समरी' द्या. प्रत्येक पोर्टच्या पुढे कंसात 'पी' हे अक्षर हवं. त्याचा अर्थ तो गटात आहे. 'आय' दिसलं तर पोर्ट एकटा चाललाय, लहान लिपीतला 'एस' दिसला तर तो थांबवलेला आहे. लिनक्समध्ये प्रॉक फोल्डरच्या आत, नेट आणि बाँडिंगखाली तुमच्या बाँडच्या नावाची फाइल असते, ती उघडा. सगळ्या केबलींचा 'ॲग्रिगेटर आयडी' एकच हवा. 'पार्टनर मॅक' सगळे शून्य दिसले तर समोरून कोणी एलएसीपी बोलत नाहीये, तुमचा बाँड नुसता नावाला आहे.

मग वेग. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने एका संगणकावरून तपासलंत तर एका केबलचाच वेग दिसेल आणि तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलं. दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी चालवा आणि स्विचवर प्रत्येक पोर्टचे आकडे बघा. दोन संगणक योगायोगाने एकाच केबलवर पडू शकतात, तेव्हा एकाचा आयपी बदलून पुन्हा बघा.

शेवटी बिघाड मुद्दाम करा. सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवून एक केबल उपटा. एखाददुसरं पिंग गेलं तर चालेल. ती परत लावून दुसरी उपटा. फायबर असेल तर मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर काढून बघा, म्हणजे दिवा हिरवा असतानाचा बिघाड पकडला जातो का ते समजेल आणि टायमर फास्ट आहे की स्लो तेही. ही चाचणी गिऱ्हाईकासमोर करा.

आणि एक काम उरतं, जे जवळपास सगळीकडे राहून जातं. लॅगमध्ये एक केबल मेली तरी कोणाची तक्रार येत नाही, कारण काम चालूच असतं. म्हणून प्रत्येक सदस्य पोर्टवर, नुसत्या पोर्ट-चॅनेलवर नाही, एसएनएमपीने (यंत्रांची स्थिती दुरून विचारण्याच्या पद्धतीने) नजर ठेवा आणि पोर्ट पडला की ईमेल येईल अशी व्यवस्था लावा. मीडिया कन्व्हर्टर असतील तिथे एवढ्यानेही भागत नाही, पोर्टचा दिवा चालूच दिसतो. तिथे एलएसीपीने पोर्ट गटाबाहेर काढल्याची नोंद सिसलॉगवर (यंत्रांच्या नोंदी जमा होतात त्या सर्व्हरवर) पाठवा. तेवढी सोय नसेल तर महिन्यातून एकदा समरीचं पान बघायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. गटातल्या सगळ्या केबलींना दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी आणि गटाचा क्रमांक लावा, आणि रॅकच्या दारावर आतून कागद चिकटवा: गट १, पोर्ट २३ व २४, एलएसीपी ॲक्टिव्ह, फास्ट टायमर, हॅश आयपीवर, पलीकडे शेड २चा स्विच.